'ॲपवर मूल दुप्पट शिकतं' या फॉरवर्डला माझं उत्तर

तो मेसेज तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेलच. माझ्याकडे महिन्याभरात चार वेळा आला, तीन वेळा मी न वाचता पुढे गेलो, चौथ्यांदा मात्र तो माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिलं होतं, "दादा, हे वाच ना. तीन वर्षांचं पॅकेज घेतेय, आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे." भाचा पाचवीत आहे. त्या रात्री मी तिला फोन करून थांबवलं पण नीट काही सांगता आलं नाही, चिडलो होतो, आवाज चढला, तीही दुखावली. म्हणून आता लिहून काढतोय, तिच्यासाठी आणि ज्यांच्या ज्यांच्या फोनवर हा मेसेज पडलाय त्या सगळ्यांसाठी.

मेसेज लांबलचक आहे, सगळा इथे टाकत नाही. मुद्दे असे: एकाला एक शिकवलं तर मूल दुप्पट शिकतं हे शास्त्रज्ञांनी १९८४ सालीच सिद्ध केलंय आणि ॲप नेमकं तेच करतं. मुलाच्या हातात कॉम्प्युटर दिला की ते आपोआप शिकतं, शिकवायला माणूस लागत नाही. प्रगत देशांनी पुस्तकं केव्हाच बंद केली. जगातल्या मोठ्या गुंतवणूकदारांनी अब्जावधी डॉलर घातलेत, ते काय वेडे आहेत? ट्रायल फुकट आहे, मग धोका कसला? आणि आता एआय आलंय, पाच वर्षांत शिक्षक दिसणार नाहीत. शेवटी ठळक अक्षरात, "आमच्या ९८ टक्के मुलांची प्रगती झाली. तुमचं मूल मागे पडू देऊ नका." खाली लिंक.

मी चौदा वर्षं गणित शिकवतोय. वर्गात प्रोजेक्टर वापरतो, भूमितीला जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर वापरतो, गैरहजर राहिलेल्या मुलांना व्हिडिओ पाठवतो, त्यामुळे 'मास्तरला पोटावर पाय येईल अशी भीती वाटतेय' असं कुणी म्हणणार असेल तर आधी पुढचं वाचा.

सुरुवात त्या ९८ टक्क्यांपासूनच करतो, कारण माझ्या बहिणीला भुरळ पडली ती त्याच आकड्याची.

कुणाची प्रगती झाली, कशावर मोजली, किती दिवसांनी मोजली, मेसेजमध्ये काही नाही. पण आकडा आला कुठून याचा माझा एक अंदाज आहे. १९८४ साली बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने एक लेख लिहिला, मेसेजमध्ये ज्याचा दाखला दिलाय तोच. त्यात म्हटलं होतं की एकट्या मुलाला किंवा अगदी दोन-तीन मुलांना शिक्षक मिळाला, आणि एक भाग पक्का झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही असं पथ्य पाळलं, तर त्यातलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. संख्याशास्त्राच्या भाषेत दोन प्रमाण विचलनांचा फरक (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे मार्क सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप). आता बघा कसं होतं ते, 'दोन प्रमाण विचलनं'चं झालं 'दुप्पट' आणि '९८ टक्के मुलांच्या पुढे'चं झालं '९८ टक्के मुलांची प्रगती झाली'. दोन्ही वाक्यांत आकडा तोच, अर्थ पार वेगळा.

आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की ब्लूमच्या त्या प्रयोगांत शिकवणारी माणसं होती. हाडामांसाची! प्रयोग त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी पीएचडीसाठी केलेले, विषय संभाव्यता आणि नकाशाशास्त्र, मुदत तीन आठवड्यांची. म्हणजे माणसाने शिकवल्यावर काय होतं याचा पुरावा घ्यायचा आणि माणूस नको म्हणून सांगायला तो वापरायचा. हे वाचून माझं डोकं फिरलं ते यामुळे.

पुढे २०११ साली कर्ट व्हॅनलेन या संशोधकाने अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला. त्यात माणसाच्या शिकवणीचा परिणाम दोन नाही, ०.७९ प्रमाण विचलन निघाला. आता इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागतेय, मनापासून करत नाहीये पण खरं आहे ते आहे. त्याच आढाव्यात चांगल्या कॉम्प्युटर ट्यूटरचा परिणाम ०.७६ निघाला, म्हणजे माणसाच्या जवळपास बरोबरीला. फक्त हे कोणते ट्यूटर? जे गणिताची प्रत्येक पायरी तपासतात, तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं तर तिसऱ्या ओळीवरच थांबवतात ते. जे नुसतं शेवटचं उत्तर बरोबर की चूक सांगतात त्यांचा परिणाम ०.३१. निम्म्याहूनही कमी. बाजारात पालकांना विकली जाणारी ॲप उघडून बघा, चार पर्याय, एक दाबा, हिरवं की लाल. ती कुठल्या गटात बसतात ते तुम्हीच ठरवा.

मी ठरवलं ते भाच्याशेजारी बसून. ट्रायल सुरू होती, अपूर्णांकांची तुलना हा धडा. स्क्रीनवर प्रश्न आला, दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश, खाली चार पर्याय. त्याने प्रश्न वाचलाच नाही, पहिला पर्याय दाबला, लाल. दुसरा दाबला, लाल. समजावणारा व्हिडिओ सुरू झाला, पाच सेकंदांनी 'पुढे' असं बटण आलं ते दाबलं. तिसरा पर्याय, हिरवा, चांदणी मिळाली, आवाज झाला टिंग. पुढचा प्रश्न. हात इतका सरावलेला होता की बघत राहावं. वीस मिनिटांनी रिपोर्ट आला, 'अपूर्णांकांची तुलना: प्रावीण्य ९१ टक्के', आणि तोच रिपोर्ट त्याच क्षणी बहिणीच्या फोनवर. ती आतून ओरडली, "बघ, एक्याण्णव!"

मी कागद घेतला आणि विचारलं, तीन पंचमांश मोठा की दोन तृतीयांश? तो म्हणाला, तीन पंचमांश. का? "कारण तीन पण मोठा आणि पाच पण मोठा."

मग सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीला घड्या घालून तीन भाग करायचे, दुसरीला पाच. तीनचे पटकन झाले, पाचचे काही केल्या सारखे होईनात, एक घडी जाड, एक बारीक, तीन पट्ट्या फुकट गेल्या, चौथी जमली. दोन्ही शेजारी ठेवून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पाच केले की तुकडा बारीक होतो." मग स्वतःच बोट ठेवून बारीक तुकडे तीन मोजले, मोठे दोन मोजले, आणि म्हणाला, "अरे, हे दोनच पुढे गेले." चाळीस मिनिटं लागली या एका गणिताला. कुठल्याही रिपोर्टमध्ये ती चाळीस मिनिटं फार हळू गती म्हणून लाल रंगात दिसली असती.

आता सांगा, ते ९१ टक्के कशाचे होते? ॲपने किती प्रश्न हिरवे झाले ते मोजलं, कितव्या प्रयत्नात झाले ते धरलंच नाही. ही एखाद्या ॲपची चूक म्हणून सोडून देता आली असती, पण या धंद्यात मोजमापाचा प्रश्न सगळीकडेच आहे. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण आढावा अहवाल आहे, विषयच शिक्षणातलं तंत्रज्ञान आणि ते कुणाच्या अटींवर, आणि ज्यांना खरंच वाचायचंय त्यांनी तो एक जरी वाचला तरी पुरे. त्यात म्हटलंय की ब्रिटनमध्ये फक्त ७ टक्के एडटेक, म्हणजे शिक्षण-तंत्रज्ञान विकणाऱ्या, कंपन्यांनी आपल्या उत्पादनाची चिठ्ठ्या टाकून गट पाडून रीतसर चाचणी घेतली होती. शंभरातल्या सात! अमेरिकेत १७ राज्यांतल्या शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना विचारलं, तर वस्तू घेण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागणारे ११ टक्के. ही उत्पादनं सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात, म्हणजे कुणी प्रामाणिकपणे अभ्यास करायला घेतलाच तर तो छापून येईपर्यंत ॲप वेगळंच झालेलं असतं. आणि आहे तो पुरावा बऱ्याचदा विकणाऱ्यानेच तयार केलेला, पियर्सनसारख्या शैक्षणिक साहित्याच्या बड्या कंपनीने स्वतःच्या पैशाने अभ्यास करून घेऊन, 'परिणाम दिसत नाही' म्हणणारं स्वतंत्र संशोधन खोडायला पुढे केले, हेही त्याच अहवालात आहे.

कंपन्यांच्या अभ्यासात आणखी एक खुबी असते. निकाल लिहिताना 'ज्यांनी सांगितल्याप्रमाणे वापरलं त्यांची प्रगती' असं लिहितात. खान अकॅडमीसारख्या ऑनलाइन धडे देणाऱ्या, ना-नफा आणि माझ्या मते चांगल्या संस्थेच्या सामग्रीवरच्या एका मोठ्या अभ्यासातही आठवड्याला ३० मिनिटं, ही सांगितलेली वेळ पाळणारी मुलं जेमतेम ५ टक्के निघाली. आठवड्याला अर्धा तास वर्षभर नेमाने बसणारं मूल कोण असतं? ज्याला घरी कुणीतरी बसवतं, ज्याला आधीच गोडी आहे. त्या मुलाची प्रगती झाली यात ॲपचा वाटा किती आणि घरातल्या माणसाचा किती, हे न सांगता सगळं श्रेय ॲपच्या खात्यात. उरलेल्या ९५ टक्क्यांचं काय झालं, ते जाहिरातीत येत नाही. युनेस्कोच्या अहवालातच अमेरिकेतला एक आकडा आहे, घेतलेल्या शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या परवान्यांपैकी सरासरी ६७ टक्के वापरलेच गेले नाहीत आणि ९८ टक्के म्हणावे तसे भरपूर वापरले गेले नाहीत. ९८ टक्के हा आकडा छापायचाच असेल तर हा छापा.

आता 'मुलं आपोआप शिकतात'. हा मुद्दा सुगता मित्रा या शिक्षण-संशोधकाच्या प्रयोगावरून आलाय, १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत कॉम्प्युटर बसवला, वस्तीतली मुलं आपली आपण वापरायला शिकली, पुढे २०१३ मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला. मुलं माऊस चालवायला, चित्रं काढायला, गेम खेळायला शिकली हे खरंय, मुलांच्या उत्सुकतेबद्दल कुणाला शंका असायचं कारण नाही. पण मार्क वॉर्शॉअर नावाचे संशोधक तिथे जाऊन आले तेव्हा त्यांना मुलं मुख्यतः गेम आणि चित्रांच्या प्रोग्रॅममध्येच दिसली, आणि पायल अरोरा काही वर्षांनी उत्तराखंडमध्ये अल्मोडा आणि हवालबागला बघायला गेल्या तर तिथली अशीच कॉम्प्युटर केंद्रं बंद पडलेली होती, आसपासच्या लोकांना नीट आठवतही नव्हती. माऊस हातात बसणं आणि तीन पंचमांश समजणं यात फार अंतर आहे.

प्रगत देशांनी पुस्तकं बंद केली हे तर धडधडीत खोटं. स्वीडन शाळांच्या डिजिटायझेशनमध्ये पुढे होता, त्याच स्वीडनने २०२३ मध्ये अगदी लहान मुलांच्या बालवाड्यांत डिजिटल उपकरणं सक्तीची करण्याचा निर्णय मागे घेतला आणि शाळांसाठी छापील पुस्तकं घ्यायला ६८ कोटी ५० लाख क्रोनर काढून ठेवले. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायची शंभर कोटी डॉलरच्या वरची योजना काढली, आत पियर्सनचा अभ्यासक्रम, पुढच्याच वर्षी करार थांबवावा लागला. आणि पेरूने तर दहा लाखांवर लॅपटॉप वाटले, शिकवण्याशी त्यांचा मेळ घातला नाही, शिकण्यात सुधारणा झाली नाही. यावर जास्त लिहीत नाही, पाच मिनिटं शोधलं तर कुणालाही सापडेल, फॉरवर्ड करण्याआधी ती पाच मिनिटं काढायची एवढंच.

गुंतवणूकदारांचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण तो शहाण्या माणसांनाही पटतो. एवढे हुशार लोक एवढा पैसा घालतात म्हणजे काहीतरी असणारच ना.

होय, आहे. गुंतवणूकदार वाढ विकत घेतो. किती नवे ग्राहक आले, किती आगाऊ पैसे जमा झाले, पुढच्या फेरीत किंमत किती चढली. मूल शिकलं की नाही हा आकडा त्या तक्त्यात नसतो. आणि वाढीच्या हिशोबातही हे लोक चुकले नाहीत असं नाही. २०२१ मध्ये जगभरात एडटेकमध्ये सुमारे २० अब्ज डॉलर ओतले गेले, २०२४ मध्ये तो आकडा अडीच अब्जांच्याही आत आला. बायजूजची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर लावली गेली होती. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव, कतारच्या फुटबॉल वर्ल्डकपला प्रायोजक, मेस्सी सदिच्छा दूत. त्याच कंपनीचा २०२०-२१ या वर्षाचा तोटा ४,५८८ कोटी रुपये. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने तिच्या प्रमुखाला पालकांना कोर्स गळ्यात मारण्याच्या तक्रारींवरून बोलावून घेतलं, २०२३ च्या जूनमध्ये ऑडिटर डेलॉइटने राजीनामा दिला, २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, प्रोसससारख्या मोठ्या गुंतवणूकदाराने आपल्या हिश्श्याची किंमत शून्य धरली. अमेरिकेतल्या टू-यू कंपनीने २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एडएक्स हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ घेतलं आणि २०२४ मध्ये दिवाळखोरी अर्ज केला. चीन सरकारने तर जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवरच बंदी आणली, रातोरात त्या कंपन्यांचे शेअर कोसळले. हे सगळे हुशार गुंतवणूकदारच होते. त्यांचे पैसे बुडाले तर ते दुसरीकडे कमावतील. तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरून बसलेल्या आईने कुणाकडे जायचं?

या धंद्यातली खरी मेख अशी आहे की वापरणारं मूल आणि पैसे भरणारे पालक वेगळे असतात. मुलाला समजलं नाही हे मुलाला माहीत असतं, पालकांना दिसतो रिपोर्ट. म्हणून रिपोर्ट चकचकीत करण्यावर मेहनत होते. आणि पालक पैसे भरतो ते बहुतेक वेळा भीतीपोटी, म्हणून भीती तयार करणं हे कामच होऊन बसतं.

डेमोनंतरचा फोन मी स्वतः ऐकलाय, बहिणीने स्पीकरवर टाकला होता. स्वतःची ओळख काउन्सेलर अशी करून देणारा मुलगा, आवाजावरून तेवीस-चोवीस वर्षांचा. आधी भाच्याला विचारलं, "बेटा, तुमच्या वर्गात पहिला कोण येतो?" भाच्याने नाव सांगितलं. "तुला त्याच्या पुढे जायचंय ना? मग मम्मीला सांग." दहा वर्षांच्या पोराने आईकडे बघितलं. मग बहिणीला, "मॅम, बेसिक कच्चं आहे हे तुम्ही रिपोर्टमध्ये बघितलंच, आज निर्णय घेतला नाही तर आठवीत फार उशीर झालेला असेल." गंमत बघा, ट्रायलच्या रिपोर्टमध्ये ९१ टक्के आणि विकायच्या वेळेला बेसिक कच्चं. मी मध्ये पडून विचारलं, "नेमकं काय कच्चं आहे? कुठलं गणित चुकलं?" दोन सेकंद गप्प, मग म्हणाला, "सर, ते ॲकॅडमिक टीम सांगेल." मी विचारलं, तुम्ही कधी शिकवलंय का? नाही म्हणाला, आणि मग अगदी हळू आवाजात, "सर, माझं आज टार्गेट आहे." माझा राग त्याच्यावर राहिला नाही. त्यालाही कुणीतरी तसंच घाबरवून बसवलंय. पण ज्याने कधी एक मूल शिकवलं नाही त्याला काउन्सेलर म्हणायचं आणि मुलाला समोर ठेवून आईच्या काळजावर बोट ठेवायला लावायचं, हे ज्यांनी ठरवलं त्यांना मी माफ करू शकत नाही. त्या रात्री भाचा झोपताना आईला म्हणाला, "मी मागे पडलोय का?" त्या दिवसापर्यंत हा प्रश्न त्याच्या डोक्यात नव्हता.

'ट्रायल फुकट, मग धोका कसला' याला थोडक्यात. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतली, महासाथीत मुलांसाठी सुचवलेली दीडशेहून जास्त शैक्षणिक ॲप आणि वेबसाइट तपासली, त्यातली ८९ टक्के मुलांवर नजर ठेवत होती किंवा ठेवू शकत होती, कुठे आहेत, काय बघतात, कुणाशी जोडलेले आहेत, आणि बरीचशी माहिती जाहिरातवाल्या कंपन्यांकडे जाण्याची सोय होती. एडमोडो या ऑनलाइन वर्गांच्या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये याच कारणासाठी ६० लाख डॉलरचा दंड लावला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये पॉवरस्कूल या शाळांच्या सॉफ्टवेअर कंपनीतून कोट्यवधी मुलांची माहिती चोरीला गेली. शिक्षणातल्या डेटाची गोपनीयता कायद्याने स्पष्टपणे राखणारे देश जगात १६ टक्के, हेही युनेस्कोच्याच अहवालात. फुकट ट्रायल सुरू करताना बहिणीने नाव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता, फोन नंबर सगळं भरलं होतं. फोन सुरू झाले ते दुसऱ्या दिवसापासून.

राहिलं एआय. सगळ्यात नवं म्हणून सगळ्यात जोरात विकलं जातंय. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, २०२४ मध्ये बाहेर आला. काही मुलांना सरावाच्या वेळी साधा चॅटजीपीटीसारखा बॉट दिला, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. काहींना शिक्षकांच्या मदतीने बांधलेला, उत्तर न देता इशारे देणारा बॉट दिला, त्यांची तर १२७ टक्क्यांनी वाढली. मग बॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा बॉट वापरणारी मुलं, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारे देणाऱ्या बॉटवाल्यांचं नुकसान झालं नाही, पण म्हणावा तसा फायदाही झाला नाही. सरावात दुपटीहून जास्त, परीक्षेत जैसे थे. भाच्याचे ९१ टक्के आठवा. हिरवं बटण आणि समज यांतली दरी एआयने बुजवली नाही, आणखी झाकली. आणि 'पाच वर्षांत शिक्षक दिसणार नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी, लॉस एंजेलिसच्या शाळांनी मार्च २०२४ मध्ये 'एड' नावाचा एआय सोबती गाजावाजा करून आणला, जूनमध्ये तो बनवणाऱ्या ऑलहिअर कंपनीने बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी बसवलं आणि नोव्हेंबरमध्ये तिच्या संस्थापिकेवर गुंतवणूकदारांना फसवल्याचा आरोप ठेवला गेला. शिक्षक त्या शाळांत अजून आहेत.

एक शेवटची गोष्ट कबूल करतो, नाहीतर मीही त्या मेसेजसारखाच एकांगी ठरेन. चांगलं सॉफ्टवेअर काम करतं. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरचा प्रयोग झाला, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली, साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनांनी वाढ दिसली, आणि ही खरी, ॲपच्या बाहेर घेतलेल्या चाचणीतली. कारण काय, तर सॉफ्टवेअरने इयत्ता न बघता मूल खरोखर कुठे आहे ते हुडकलं आणि तिथून सुरुवात केली, सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं. चाळीस मुलांच्या वर्गात हे मला जमत नाही, हे मी मान्य करतो. पण तो प्रयोग घरी टॅबलेट देऊन झालेला नाही. मुलं केंद्रावर जायची, ४५ मिनिटं सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणारा माणूस. विकणारे त्यातली पहिली ४५ मिनिटं तेवढी उचलतात.

बहिणीने पॅकेज घेतलं नाही अजून. पुन्हा फोन आला तेव्हा तिने मी सांगितलेले तीन प्रश्न कागदावर बघून विचारले. तुमच्या ॲपच्या बाहेरच्या कुठल्या चाचणीत मुलांचे मार्क वाढले आणि ती चाचणी घेतली कुणी? माझा मुलगा अडला तर त्याची पायरी बघून सांगणारं माणूस कोण आणि ते रोज तेच असेल का? दोन महिन्यांनी बंद केलं तर किती पैसे परत, हे लेखी द्याल का? सीनिअर फोन करतील म्हणाला. त्याला आज नऊ दिवस झाले. भाच्याने परवा मला व्हिडिओ कॉल केला, हातात कागदाची पट्टी होती, "मामा, सातचे सारखे भाग कसे करायचे? सहा होतात नाहीतर आठ होतात."